नॉब बारावर, टोनचे बारा

गिटार वाजवणाऱ्या कुठल्याही चार जणांच्या घोळक्यात जाऊन उभे राहा. पाच मिनिटांच्या आत एक प्रश्न कानावर पडणारच. "सेटिंग काय आहे रे तुझं?" आणि त्याचं उत्तरही ठरलेलं. "काही विशेष नाही, सगळं बारावर. ट्रेबल जरा एकवर." विचारणारा खूष, सांगणारा त्याहून खूष. घड्याळाच्या भाषेतली ही देवाणघेवाण गेली काही वर्षं मला छळते आहे, त्यामुळे आज यावर लिहायचंच असं ठरवून बसलो आहे. शनिवार आहे, चहा झालाय, आणि शेजारच्या बिल्डिंगमधला मुलगा सकाळपासून एकच कॉर्ड वाजवतोय. (त्याचंही सगळं बारावरच असणार, पैज लावतो!)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना भांडायचंय त्यांना शेवटपर्यंत थांबायला नको. ॲम्पवरचा चांगला क्लीन टोन आकड्यांत सांगता येत नाही, दुसऱ्याकडून उसना आणता येत नाही, आणि दुकानातून तर मुळीच विकत आणता येत नाही. ज्या खोलीत, जेवढ्या आवाजाला आणि ज्या माणसांबरोबर वाजवायचंय, तिथे बसून तो कानाने लावावा लागतो. आणि जी मंडळी नवशिक्या पोरांना घड्याळाचे आकडे वाटत फिरतात ती त्या पोरांचं नुकसान करतात. खिशाचंही आणि कानाचंही.

आता जे गिटार वाजवत नाहीत त्यांच्यासाठी दोन ओळी. ॲम्पला झेपेल त्याहून जास्त सिग्नल दिला की तो लाटेचं डोकं वरून आणि खालून छाटून टाकतो. यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. छाटल्यामुळे नवे स्वरांश तयार होतात, आवाज जाड होतो, लांबतो, आणि हळू वाजवलेलं व जोरात वाजवलेलं जवळजवळ एकाच उंचीचं होतं. ऐकायला मजा येते, मलाही येते. पण त्यात हाताचे दोष बेमालूम झाकले जातात. क्लीन म्हणजे छाटाछाटी जवळजवळ नाही. बोटाने जे केलं ते जसंच्या तसं बाहेर. पांढरा शर्ट घालून मिसळ खायला बसण्यासारखं आहे ते. डाग पडला की दिसणारच. म्हणूनच क्लीन लावायला लोक घाबरतात, आणि घाबरलेला माणूस आकडे विचारतो.

तर पहिला मुद्दा 'बारा'चा. नॉब मधोमध म्हणजे न्यूट्रल, ही समजूत कुठून आली ते उघड आहे. घरच्या म्युझिक सिस्टीमवर बास आणि ट्रेबलची बटणं असतात. ती मध्यावर ठेवली की काही वाढत नाही, काही कमी होत नाही. गिटारच्या ॲम्पवर बटणं तशीच दिसतात, नावंही तीच, त्यामुळे आपण धरून चालतो की मध्य म्हणजे इथेही शून्यच. आणि इथेच गाडी रुळावरून घसरते.

फेंडर कंपनीचा ट्विन रिव्हर्ब घ्या. १९६३ साली आला. दोन बारा इंची स्पीकर, साधारण ८५ वॉट, आणि क्लीन टोनचा विषय निघाला की आजही पहिलं नाव त्याचंच निघतं. त्याच्या ट्रेबल, मिडल आणि बास या तीन नॉबच्या मागे मोजक्या रेझिस्टर आणि कपॅसिटरचं सर्किट आहे. हे सर्किट पॅसिव्ह आहे, म्हणजे ते स्वतः काहीच वाढवू शकत नाही, फक्त कापू शकतं. तुम्ही ट्रेबल 'वाढवता' तेव्हा प्रत्यक्षात ट्रेबल कमी कापला जातो, एवढंच. शिवाय तिन्ही नॉब एकमेकांत गुंतलेले. एक फिरवला की बाकीच्या दोघांचा अर्थ बदलतो, अगदी एकत्र कुटुंबासारखा! तिन्ही मधोमध ठेवले तर साधारण ४०० हर्ट्झच्या आसपास चांगला खोल खड्डा पडतो. याच सर्किटमधून सगळ्यात सपाट आवाज हवा असेल तर ट्रेबल आणि बास जवळजवळ शून्यावर आणि मिडल पूर्ण दहावर न्यावा लागतो. पटत नाही? मग ट्विनचे तिन्ही टोन नॉब शून्यावर करून बघा. ॲम्प जवळजवळ मुका होतो. म्युझिक सिस्टीमचे बास-ट्रेबल तळाला नेले तर ती मुकी होते का? नाही होत. म्हणजे ही दोन बटणं दिसायला जुळी असली तरी जातकुळी वेगळी आहे.

इथे गैरसमज नको. तो खड्डा वाईट आहे असं मी म्हणत नाही. फेंडरची जी काचेसारखी चमक म्हणतात त्यात त्या खड्ड्याचा मोठा वाटा आहे. माझं भांडण त्याला 'न्यूट्रल' म्हणण्याशी आहे. खड्डा हवा म्हणून ठेवलात तर तो निर्णय झाला. मध्यावर ठेवलंय म्हणजे आपण काहीच केलेलं नाही, असं समजून ठेवलात तर तो अपघात झाला.

आता ॲम्प बदलू. त्याच कंपनीचा, त्याच सुमाराचा डिलक्स रिव्हर्ब. २२ वॉट, एक बारा इंची स्पीकर. त्यावर मिडलचा नॉबच नाही. ट्विनमध्ये जिथे मिडलचं दहा किलोओहमचं पॉट आहे तिथे डिलक्समध्ये ६.८ किलोओहमचा एक रेझिस्टर कायमचा बसवलेला आहे. म्हणजे मिडल किती हे कंपनीने तुमच्या वतीने ठरवून टाकलंय, आणि ते 'पाच' नाही. मग चला इंग्लंडला, व्हॉक्सच्या एसी ३० कडे. त्याच्या टॉप बूस्ट चॅनलला बास आणि ट्रेबल आहेत, मिडल इथेही नाही. वर 'कट' नावाचा एक नॉब आहे तो उलटा चालतो. वाढवला की वरचे सूर कमी होतात! आता मला सांगा, 'सगळं बारावर' या वाक्याचा नेमका अर्थ काय? तीन ॲम्प, तीन अर्थ. त्यात नॉबखालचं पॉट पुष्कळदा ऑडिओ टेपरचं असतं, म्हणजे नॉब निम्मा फिरला तरी रेझिस्टन्स निम्मा झालेला नसतो, बऱ्याच पॉटमध्ये जेमतेम दहा-पंधरा टक्के झालेला असतो. मधोमध दिसणारा नॉब विजेच्या दृष्टीने मधोमध नसतोच.

आणि आम्ही इंजिनिअर लोक! दुसऱ्याच्या सर्व्हरची कॉन्फिग फाईल न वाचता आपल्या सर्व्हरवर टाकणाऱ्या ज्युनिअरला आपण फाडून खातो. मग संध्याकाळी घरी येऊन दुसऱ्याच्या ॲम्पचे आकडे आपल्या ॲम्पवर टाकताना हे सगळं शिक्षण जातं कुठे?

दुसरा मुद्दा आवाजाचा, आणि माझ्या मते जास्त घातक हाच. १९३३ साली बेल लॅब्जमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी माणसाच्या कानाचा एक स्वभाव मोजून दाखवला. आवाज हळू असतो तेव्हा आपल्याला खालचे सूर फार कमी ऐकू येतात, अगदी वरचेही थोडे कमी येतात. आवाज वाढेल तसा हा फरक कमी होत जातो. आता आपला गडी रात्री साडेअकराला, आईबाबा झोपल्यावर, ॲम्प एकवर ठेवून टोन लावतो. आवाज पातळ वाटतो म्हणून बास वाढवतो. अजून मजा येत नाही म्हणून ट्रेबल वाढवतो. मग थोडा रिव्हर्ब. वा! स्वर्ग! मोबाईलवर नॉबचा फोटो काढून ठेवतो. रविवारी जॅमरूममध्ये फोटो बघून तेच आकडे लावतो, फक्त व्हॉल्यूम सहावर. आणि खोलीत एक चिखलाचा गोळा फिरायला लागतो ज्याला वरून काचेचे तुकडे चिकटवलेत. फ्लेचर-मन्सन तिथेही हजर असतातच. हळू आवाजात कानाने जे झाकलं होतं ते मोठ्या आवाजात त्याच कानाने उघडं केलं.

त्यात अनेक ॲम्पमध्ये व्हॉल्यूमच्या पॉटवर एक छोटा 'ब्राइट' कपॅसिटर बसवलेला असतो. तो वरच्या सुरांना पॉटला वळसा घालून जायला आडवाट देतो. व्हॉल्यूम कमी असताना ही आडवाट खूप उपयोगी पडते, म्हणजे आवाज चमकतो. व्हॉल्यूम वाढवाल तसा तिचा परिणाम घटत जातो आणि पूर्ण दहावर तो उरतच नाही. म्हणजे नुसता व्हॉल्यूमचा नॉब फिरवला तरी टोन बदलतो, बाकी कशाला हात न लावता. 'माझ्या मशीनवर तर चालत होतं' हे वाक्य आपल्या धंद्यात रोज ऐकतो ना? बेडरूम म्हणजे तुमचं लोकल मशीन. जॅमरूम आणि स्टेज म्हणजे प्रॉडक्शन. तिथे जाऊन तपासल्याशिवाय काही चाललंय असं म्हणायचं नसतं.

स्पीकरचीही एक गोष्ट आहे. बारा इंची स्पीकरमधून खालचे सूर सगळीकडे पसरतात, पण वरचे सूर टॉर्चच्या झोतासारखे सरळ पुढे जातात. ॲम्प जमिनीवर, तुम्ही त्याच्यापासून तीन फुटांवर उभे. झोत जातो पोटऱ्यांकडे. तुम्हाला आवाज बोदा वाटतो, तुम्ही ट्रेबल वाढवता. आणि समोर पंधरा फुटांवर, नेमका झोताच्या वाटेत बसलेला माणूस कानात बोट घालतो. मग आपण म्हणतो, साउंडवाल्याला काही कळत नाही. अरे बाबा, आधी ॲम्प खुर्चीवर ठेव, किंवा मागे कलता कर! फेंडरच्या मोठ्या ॲम्पना बाजूला कलते पाय दिलेले असायचे ते शोभेसाठी नव्हते.

आता हे सगळं वाचून कुणी म्हणेल, "एवढं काय त्यात? माझी गिटार, माझा ॲम्प, माझा टोन. तुला काय त्रास?" त्रास मला नाही. पण कुणाला होतो ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आम्ही ऑफिसातल्या पाच जणांनी ॲन्युअल डेसाठी बँड केला होता. मी बासवर होतो. गिटारवाला वाजवायला खरंच चांगला, हात स्वच्छ, ताल पक्का. पण घरी लावलेला टोन त्याने जसाच्या तसा आणला. बास भरपूर, ट्रेबल भरपूर, मधे काही नाही, आणि सगळ्यावर रिव्हर्ब. परिणाम असा की त्याला स्वतःचीच गिटार नीट ऐकू येईना, म्हणून तो व्हॉल्यूम वाढवत राहिला. मग ड्रमवाला जोरात. मग मीही वर. आणि या सगळ्याच्या मधे आमची गाणारी, एक मायक्रोफोन आणि एक थकलेला स्पीकर घेऊन उभी. तीन आठवडे, रोज दोन तास, ती पोरगी गायली नाही, ओरडली. आदल्या दिवशी आवाज बसला. पाचातली दोन गाणी सोडून द्यावी लागली, उरलेली तिने कशीबशी निभावली. आणि कार्यक्रम झाल्यावर लोक काय म्हणाले? "बँड मस्त होता, सिंगर जरा कमी पडली."

मला ते वाक्य अजून टोचतं. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तिच्या आवाजाची जागा दुसऱ्याने व्यापली होती. गिटारची सगळ्यात जाड तार उघडी वाजवली तर ८२ हर्ट्झला बोलते, म्हणजे तिथपासून वरचा शे-दोनशे हर्ट्झपर्यंतचा पट्टा बास गिटार आणि बास ड्रमचाही असतो. गाण्याचे शब्द कळतात ते मुख्यतः एक ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात, आणि माणसाचा कान सगळ्यात तीक्ष्ण असतो तोही तीन-चार हजारांच्या आसपास. खाली जास्तीचा बास ठेवून गिटार माझ्या अंगावर येत होती, वर जास्तीचा ट्रेबल ठेवून तिच्या. आणि गिटारची स्वतःची जी जागा, मधली, ती मात्र त्याने रिकामी सोडली होती. लोकलमध्ये दोन्ही बाजूला पाय पसरून बसायचं आणि वर तक्रार करायची की मला जागा नाही!

गंमत म्हणजे पुढच्या वर्षी तीच गिटार, तोच ॲम्प, तीच माणसं. फक्त ॲम्प खुर्चीवर चढला, बास निम्म्याहून खाली आला, मिडल वर गेला, रिव्हर्ब जवळजवळ बंद झाला. एकटी ऐकली तर गिटार जरा कोरडी, जरा नाकातली वाटायची. बँडमध्ये मात्र प्रत्येक तार सुटी ऐकू यायची, आणि ती पोरगी पहिल्यांदा न ओरडता गायली. एक पैसा खर्च झाला नव्हता. तेव्हा क्लीन टोन ही खाजगी बाब आहे असं मला कुणी सांगू नका. एकट्याने ऐकून छान वाटतो तो टोन आणि चौघांत मिसळतो तो टोन, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बँडमध्ये दुसरीच चालते.

पैशाचा विषय निघालाच आहे तर तेही बोलू. क्लीन आवाज जमत नाही म्हटलं की पहिला सल्ला येतो तो खरेदीचा. कंप्रेसर घे. ईक्यू पेडल घे. पिकअप बदल. मग व्हॉल्व्हचाच ॲम्प हवा, ट्रान्झिस्टरमध्ये जीव नसतो. पहिल्या नोकरीतला मुलगा हप्ते काढून हे सगळं गोळा करतो आणि सहा महिन्यांनी तोच प्रश्न विचारत परत येतो. आता या 'जीव नसलेल्या' ट्रान्झिस्टरबद्दल. रोलंडचा जेसी-१२० हा १९७५ साली आलेला ॲम्प पूर्ण ट्रान्झिस्टरचा आहे, आणि क्लीनसाठी जगभरच्या स्टेजवर तो वापरला गेलाय. बी. बी. किंगसारखा माणूस कितीतरी वर्षं लॅब सीरिजच्या एल५ या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवत होता. त्याच्या आवाजात जीव नव्हता असं म्हणणारा मला अजून भेटायचाय.

आणि फुकटच्या वस्तू कोण बघतो? जुन्या फेंडरला प्रत्येक चॅनलवर दोन भोकं असतात, १ आणि २. दुसऱ्यात केबल घातली की सिग्नल साधारण सहा डेसिबलने कमी होतो, म्हणजे जोरदार पिकअप असेल तर क्लीनला आयती जागा मिळते. किती जणांनी घालून बघितलीय? गिटारवर स्वतःचा व्हॉल्यूम नॉब असतो, तो कायम दहावर गंजलेला. पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, जरा खाली घेतला तर आवाज मोकळा होतो, त्याला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो. केबल जितकी लांब तितकी तिची कपॅसिटन्स जास्त आणि वरचे सूर तितके मंद, म्हणजे बोचरा आवाज कमी करायला कधीकधी नुसती लांब केबलही पुरते. आणि सगळ्यात शेवटी, तार कुठे छेडता? ब्रिजजवळ छेडली तर टणक, मानेकडे छेडली तर गोल. दोन इंचांत एवढा फरक पडतो जेवढा एखादं पेडल पाडत नाही. पण दोन इंचांवर कुणाला कमिशन मिळत नाही ना!

लिओ फेंडरचं उदाहरण मला फार आवडतं. हा गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, १९३८ साली कॅलिफोर्नियातल्या फुलरटनमध्ये त्याने दुकान टाकलं. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती, शेवटपर्यंत नाही. ॲम्प बनवायचा, वाजवणाऱ्यांच्या हातात द्यायचा, आणि ते काय म्हणतात ते ऐकून सुधारायचा. डिक डेलला प्रचंड मोठा आणि तरीही स्वच्छ आवाज हवा होता, तो स्पीकर जाळत सुटला होता, तर त्याच्यासाठी मोठे ट्रान्सफॉर्मर आणि दणकट स्पीकर शोधत बसला. ज्याला वाजवताच येत नव्हतं त्याने कानावर एवढा विश्वास टाकला, आणि ज्यांना वाजवता येतं ते आम्ही नॉबवरच्या रेषेवर टाकतो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यात रास्त आक्षेप असा की नवशिक्याला कुठून तरी सुरुवात करावी लागते, त्याला आकडे दिले तर बिघडलं काय? सुरुवात हवीच, मान्य. पण आकडे द्यायच्या ऐवजी पद्धत द्या. ती अशी. ज्या आवाजाला वाजवायचंय त्या आवाजाला या, आणि गेन व मास्टर वेगळे असतील तर गेन कमी, मास्टर जास्त. रिव्हर्ब बंद. ट्रेबल आणि बास तळाला, मिडल पूर्ण वर. (मिडल नसेल तर राहू द्या, बास तळाला आणि ट्रेबल थोडा.) आवाज ओबडधोबड येईल, येऊ दे. आता तुम्ही खरोखर जितक्या जोरात वाजवता तितक्या जोरात सहा तारांची कॉर्ड मारा, आणि ती फाटायला लागेल त्याच्या जरा अलीकडे गेन थांबवा. मग ट्रेबल हळूहळू वाढवा, कॉर्डमधली प्रत्येक तार वेगळी कळेपर्यंत. बोचायला लागला की एक पाऊल मागे. मग बास, जाड तार पोकळ न वाटेल इतकाच. शेवटी मिडल थोडा थोडा खाली, जिथे नाकातलेपणा जाईल पण आवाज मागे सरकणार नाही. ट्रेबल पुन्हा तपासा, कारण नॉब गुंतलेले आहेत. रिव्हर्ब सगळ्यात शेवटी, पोह्यांवरच्या कोथिंबिरीएवढा. नंतर बँड वाजत असताना हेच पुन्हा एकदा, आणि या वेळी ॲम्पपासून लांब, जिथे ऐकणारे बसतात तिथे जाऊन. दहा मिनिटांचं काम आहे. आकडे पाठ केलेला मुलगा ॲम्प बदलला की निराधार होतो. ही पद्धत आलेला कुठल्याही डबड्यासमोर उभा राहतो.

दुसरा आक्षेप आधुनिक लोकांचा. "आम्ही आता मॉडेलर वापरतो, प्रीसेट डाउनलोड करतो, हे सगळं जुनं झालं." उलट आहे महाराज! चांगल्या मॉडेलरमध्ये त्याच ट्विनचं तेच सर्किट, नॉबच्या त्याच गुंत्यासकट, सॉफ्टवेअरमध्ये उतरवलेलं असतं. म्हणजे खड्डाही डाउनलोड झाला. आणि प्रीसेट बनवणाऱ्याची गिटार, त्याचे पिकअप, त्याची बोटं आणि त्याची खोली डाउनलोड होत नाही. शिवाय हेडफोनवर लावलेला प्रीसेट हॉलमधल्या स्पीकरवर गेला की फ्लेचर-मन्सन पुन्हा भेटायला येतात. त्यांना सॉफ्टवेअर अपडेट लागू होत नाही.

तिसरा आक्षेप म्हणजे "ज्याची त्याची आवड." हे ब्रह्मास्त्र. आवड ज्याची त्याची, शंभर टक्के. कुणाला काचेसारखा टोन आवडतो, कुणाला लोण्यासारखा. पण आवड सांगायला आधी आपल्याला काय ऐकू येतंय हे कळावं लागतं. ज्याने नॉब फिरवून कधी ऐकलंच नाही त्याला आवड नसते, सवय असते. आणि बारावरची सवय ही तर त्याची स्वतःचीसुद्धा नाही, कुणीतरी दिलेली.

वाईट याचं वाटतं की कानाने लावणं ही काही आपल्याकडे बाहेरून यायची गोष्ट नव्हती. मिरजेत तानपुरे आणि सतारी घडवणारी घरं पिढ्यान्‌पिढ्या हेच करत आली आहेत, २०२४ साली त्या वाद्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं. तानपुऱ्याची जवारी लावताना तारेखाली दोरा सरकवतात. केसाएवढा इकडे, केसाएवढा तिकडे, आणि मग एका जागी ती तार अशी काही उघडते की एका सुरात चार सूर ऐकू येतात. तिथे कुणी विचारतं का, "दोरा किती मिलिमीटरवर ठेवला?" विचारलंच तर कारागीर हसेल, कारण उद्या हवा बदलली, तार बदलली, गाणाऱ्याची पट्टी बदलली की तो दोरा पुन्हा सरकणार आहे. गवई मैफलीआधी तंबोरे मिळवण्यात वेळ घालवतो आणि श्रोते मुकाट बसून राहतात. तबलजी हातोडी घेऊन गट्ट्यावर ठोकत असतो, त्याला कुणी घाई करत नाही. आणि त्याच गावात, त्याच शनिवारी, गिटारवाला येतो, सगळे नॉब मधोमध करतो आणि विचारतो, "चला, कुठलं गाणं घ्यायचं?"

असो. भाषण पुष्कळ झालं. उद्या रविवार आहे, तर एक गृहपाठ. काळी चिकटपट्टी घ्या आणि ॲम्पवरचे सगळे आकडे झाकून टाका. नॉबवरची पांढरी रेषसुद्धा. मग वर सांगितलेल्या पद्धतीने अर्धा तास लावत बसा, घरच्यांची क्षमा मागून, खऱ्या आवाजाला. जमलं की लगेच पट्टी काढून आकडे बघायचा मोह होईल. बघू नका. बँडबरोबर वाजवायच्या दिवशीही पट्टी तशीच राहू द्या. आणि वाजवणं झाल्यावर गाणाऱ्या माणसाला एवढंच विचारा, "आज ओरडावं लागलं का?"